दिवाळीची पिग्मी

"वहिनी, इथंच लावा. आणि आत आलात तरी मधे बोलू नका," स्कूटरवरून उतरता उतरता वैजू म्हणाली.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी बार्शीच्या बाजारात स्कूटर लावायला जागा मिळत नाही. मी ती भुतडाशेठच्या दुकानासमोर, घमेल्यांच्या उतरंडीला खेटून कशीबशी उभी केली. वैजूची लूना सकाळीच बंद पडली होती, माझ्या कॉलेजला सुट्टी होती, म्हणून मी सोबत आले होते. नाहीतर तिच्या कामाशी माझा काही संबंध नव्हता.

वैजयंता माझी धाकटी नणंद. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं आणि ती शाळेत होती. मी रसायनशास्त्र शिकवायची. तिला बेरजेपलीकडचं काही आवडायचं नाही. बी.कॉम. अर्धवट सोडून ती गावातल्या एका पतसंस्थेची पिग्मी एजंट झाली. दुकानदारांकडून रोज थोडे थोडे पैसे गोळा करायचे, ते संस्थेत भरायचे आणि दिवाळीला वर्षाची साठलेली रक्कम व्याजासह ज्याची त्याला मिळवून द्यायची, असं ते काम. उरलेल्या वेळात ती हौशी मंडळींबरोबर नाटक करायची. त्या वर्षी राज्य नाट्य स्पर्धेसाठी त्यांची तालीम चालू होती. तिचे दिग्दर्शक चिवटे हे टपाल खात्यात होते. ते एकदा घरी आले तेव्हा माझ्यासमोरच तिला म्हणाले होते, "तू संवाद म्हणतेस, वैजू. समोरच्याकडून तुला काहीतरी हवंय असं वाटतच नाही."

खरं होतं ते. बाजारातही ती तशीच होती. यायची, पैसे घ्यायची, कार्डावर आकडा लिहायची आणि पुढच्या दुकानात जायची. एखाद्या दिवशी कुणी नाही म्हणालं तर "बरं" म्हणून निघायची. ती कधी मागे लागत नसे, म्हणूनच लोक तिच्या हातात डोळे झाकून पैसे ठेवत.

आदल्या संध्याकाळी चेअरमननी सगळ्या एजंटांना बोलावलं होतं. जेवताना तिनं सांगितलं, "यंदा कुणाला रोख घेऊ द्यायची नाही. सगळ्यांची वर्षाची मुदत ठेव करून घ्यायची. कमिशन दुप्पट."

"चांगलंय की," तिचा भाऊ म्हणाला.

मला ते चांगलं वाटलं नाही. शेजारच्या तालुक्यातली एक संस्था दसऱ्याला बंद झाली होती. माझ्या प्रयोगशाळेतल्या परिचराच्या बायकोचे दागिने मोडून ठेवलेले पैसे त्यात अडकले होते. मी विचारलं, "तुमची ठीक आहे ना गं?"

"मला काय माहीत, वहिनी? मी बाहेर फिरणारी," असं म्हणून तिनं आणखी अर्धी भाकरी घेतली.

भुतडाशेठच्या दुकानात ती गेली आणि स्टुलावर बसली. तिला दुकानात बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. शेठनाही नवल वाटलं असावं.

"काय गं, आज बसलीस?"

"बसते की. आपलंच दुकान आहे." तिनं ओठ ताणून हसत फॉर्म पुढे केला. "शेठ, यंदा रोख काढायचीच नाही. मुदत ठेव. नाही म्हणायचं नाही. मला टार्गेट आहे. झालं तर मिक्सर मिळतो."

"मिक्सर?"

"तीन भांड्यांचा."

शेठ हसले. "म्हणजे माझ्या पैशावर तू चटणी वाटणार."

"वाटीन की, तुम्हालाही पाठवीन." तिनं त्यांच्या खिशातलं पेन काढून घेतलं. खरंच काढून घेतलं. वडिलांच्या वयाच्या माणसाच्या खिशातून. "मी खूण करते, तुम्ही नुसती सही ठोका. वाचत कशाला बसताय?"

शेठचं हसू तिथंच थांबलं. त्यांनी हात पुढे केला. "पेन दे. जो वाचू नको म्हणतो त्याचं मी आधी वाचतो." त्यांनी फॉर्म वाचला, 'रोख' या शब्दापुढे खूण केली आणि सही केली. "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती, वैजू."

"शेठ, असं काय करता? निदान निम्मे तरी."

"सांगितलं ना."

आम्ही बाहेर आलो. माझे कान तापले होते. ती मात्र पुढच्या दुकानाकडे निघालीसुद्धा.

रफिक मास्तर शिंपी होते. दिवाळीची शिलाई, दुकानभर कपड्यांचे ढीग आणि मास्तर मशिनवर वाकलेले. इथं ती बसली नाही, हसली नाही. काऊंटरला टेकून नखं बघत म्हणाली, "मास्तर, मुदत ठेव करा. नाही म्हणजे, तुमची मर्जी. पण रोख काढणाऱ्यांची नावं साहेब वेगळी लिहून ठेवतात म्हणे. पुढं कर्जबिर्ज लागलं तर..."

मास्तरांनी पाय थांबवला. मशिनचं चाक हातानं धरलं. "धमकी देतेस का, बेटा?"

"धमकी कसली? कानावर घातलं."

"तुझी शाळेची खाकी पिशवी मी शिवली होती," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "लिही. रोख."

असं ती दुकानामागून दुकान करत गेली. किराणावाल्यापाशी रडवेली झाली, माझं लग्न ठरत नाही, एजन्सी गेली तर काय करू म्हणाली. पूजासाहित्याच्या दुकानात मालक गिऱ्हाइकाशी बोलत असताना तिनं तीनदा मधे तोंड घातलं. एकाला म्हणाली, "शेजारच्यांनी केली, तुम्हाला कसली भीती?" आणि शेजारच्यांनी केली नव्हती हे त्याला पलीकडे नुसतं डोकावून कळणार होतं. तो डोकावला. परत आला तो गरम होऊन.

प्रत्येक ठिकाणी ती वेगळी मुलगी होती, आणि कुठलीच मला आवडत नव्हती. यातल्या निम्म्या घरांतली मुलं माझ्या वर्गात होती. शेवटी पाणपोईपाशी मी तिचा दंड धरला.

"वैजू, हे काय चालवलंयस? हातावर पोट असलेली माणसं ही. उद्या संस्थेचं काही बरंवाईट झालं तर कुठं तोंड लपवशील? मिक्सर हवाय तर मी घेऊन देते."

"वहिनी, तुम्ही मधे बोलणार नव्हता."

"मी तसं कबूल केलं नव्हतं."

"मग आता करा." ती माझ्याकडे बघतही नव्हती. ओंजळीनं पाणी प्यायली, तोंड पुसलं. "अजून कासार गल्ली राहिलीय."

कासार गल्लीत तिचं एकच खातं होतं. गोदाकाकूंचं. काकू विधवा, भाड्याच्या अरुंद गाळ्यात काकणं भरायच्या. सासूबाई गेल्यानंतरच्या वर्षांत वैजू शाळेतून सुटली की त्यांच्याकडेच बसायची. आमच्या घरात तिनं मला कधी मिठी मारल्याचं आठवत नाही, पण काकूंच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली मी पाहिली आहे. काकूंचा मुलगा उमेश पुण्याला नोकरीला होता. त्यानं तिथं जागा घेतली होती आणि काकू दर दिवाळीला सगळ्यांना सांगायच्या, औंदा उमेश मला नेणार. पिग्मी त्यासाठीच होती. सुनेच्या घरात रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणायच्या.

त्या दिवशी गाळ्यापुढे बायकांची ही गर्दी. वैजूला बघताच काकूंनी दोघींना सरकायला सांगून पाटावर जागा केली.

"ये गं. मॅडम, तुम्ही पण या. ह्या पोरीचं तोंड बघा कसं सुकलंय. जेवलीस का?"

"काकू, फॉर्म आणलाय. मुदत ठेव करा. वर्षभर पैसे काढायचे नाहीत. मला टार्गेट आहे, मिक्सर..."

भुतडाशेठपाशी चाललेलं सगळं तिनं पुन्हा केलं. तेच ताणलेलं हसू, तोच घाईचा हात. काकू गिऱ्हाइकाच्या मनगटावर काकण चढवत ऐकत होत्या.

"हात सैल सोड गं," त्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या, आणि मग वैजूला, "मिक्सर मिळतो व्हय? मग कर की. तुझ्या लग्नाच्या भांड्यात होईल. कुठं सही करायची?"

वैजूचा चेहरा क्षणभर कोरा झाला. "सगळे पैसे अडकतील, काकू. वर्षभर."

"अडकू दे. उमेशचं काय, तो म्हणतोच की पुढच्या वर्षी. तुझं काम होतंय ना?"

"आणि कर्जबिर्ज..."

"मला कशाला कर्ज? आण तो कागद." काकूंनी हात पदराला पुसला आणि पेनासाठी पुढे केला. बायका कौतुकानं बघत होत्या.

वैजूनं पेन दिलं नाही. ती काकूंच्या जवळ सरकली. आवाज मोठा नव्हता. पण गल्लीतल्या बायकांचं बोलणं हळूहळू बंद पडलं, इतका तो स्पष्ट होता.

"बरोबर आहे तुमचं, काकू. ठेवाच इथं. उमेशदादा काही तुम्हाला नेणार नाही. ह्या वर्षी नाही आणि पुढच्या वर्षीही नाही. त्याच्या बायकोला तुम्ही तिथं नको आहात. सगळ्या गल्लीला माहितेय, तुमच्यासमोर कुणी बोलत नाही एवढंच. म्हातारपणी कोण बघणार तुम्हाला? ही ठेवच बघणार. करा सही."

काकणं भरून घेणाऱ्या बाईनं आपला हात हळूच मागे घेतला.

काकूंनी पेन घेतलं. "अक्षर दाखव मला," त्या म्हणाल्या. "रोख कुठं लिहिलंय?"

वैजूनं बोट ठेवलं. काकूंनी खूण केली, सही केली. सही करायला त्यांना नेहमीच वेळ लागायचा, त्या दिवशी जास्तच लागला. मग फॉर्म तिच्या अंगावर न टाकता, नीट घडी करून पाटावर ठेवला.

"माझे पैसे उद्या-परवा आणून द्यायला दुसऱ्या कुणाला पाठव," त्या म्हणाल्या. "तू येऊ नकोस."

बाजार संपल्यावर घरच्या रस्त्याला लागलो. जरा पुढे गेल्यावर वैजू पाठीमागून म्हणाली, "थांबवा." मी स्कूटर बाजूला घेतली. ती उतरली आणि कडुनिंबाच्या बुंध्याला धरून उभी राहिली. तिच्या पिशवीतली पाण्याची बाटली मी काढली. उघडून तिला दिली.

"किती जणांनी रोख केली, वहिनी?"

"सगळ्यांनी," मी म्हणाले. आणि ते म्हणत असतानाच मला कळलं.

तिनं मला सगळं सांगितलं, तुकड्या-तुकड्यात. गेल्या आठवड्यात ऑफिसात हिशेब द्यायला गेली असताना मागच्या दारानं मॅनेजरची बायको आली होती. तिनं मुदतीआधीच आपल्या सगळ्या ठेवी मोडल्या. मग चेअरमनच्या मेहुण्यानं. मग काल संध्याकाळी एजंटांची सभा, दुप्पट कमिशन.

"मग लोकांना सरळ सांगायचं होतंस."

"कुणाला? भुतडाशेठना सांगितलं असतं तर त्यांनी आधी भावाला सांगितलं असतं. दुपारपर्यंत संस्थेच्या दारात अख्खं गाव. तासाभरात शटर खाली. मग कुणालाच काही नाही." ती पाणी प्यायली. "ऐन दिवाळीत थोड्याफार लोकांनी रोख मागितली तर देतील ते. नाही दिली तर बोभाटा होईल, त्याचीच भीती आहे त्यांना. आणि साहेबांनी चौकशी केली तरी बाजार काय सांगणार? पोरगी फार मागे लागली होती, आम्हीच ऐकलं नाही."

"बाकीच्या एजंटांचे लोक?"

"माझ्याकडे एवढीच दुकानं होती, वहिनी."

"आणि काकू? त्यांना तरी..."

"काकूंच्या पोटात काही राहतं का? गिऱ्हाइकाचा हात सुटायच्या आत भगवंताच्या देवळापर्यंत गेलं असतं." तिनं बाटलीचं झाकण लावलं, ते दोनदा तिरकं बसलं. "त्या सही करायला लागल्या. मला दुसरं काही सुचलंच नाही. तुम्हाला सुचलं असतं का?"

मला आजही सुचलेलं नाही.

धनत्रयोदशीला तिच्या लोकांचे पैसे मिळाले. चेअरमननी तिला सगळ्यांसमोर झापलं आणि एजन्सी काढून घेतली. भाऊबीज झाली, त्यानंतरच्या सोमवारी संस्थेचं शटर उघडलंच नाही. पुढचे कितीतरी दिवस मी त्या दारापुढून कॉलेजला जात होते. पायऱ्यांवर माणसं नुसती बसून असायची. दोन एजंटांच्या घरांवर दगड पडले. आमच्या घराकडे कुणी आलं नाही. उलट भुतडाशेठ मला रस्त्यात थांबवून म्हणाले, "मॅडम, वाईट मानू नका, पण तुमच्या नणंदेनं मला बुडवलंच होतं. माणूस ओळखता यावा लागतो." मी मान डोलावली. वैजूनं सांगितलं होतं, कुणाला काही सांगायचं नाही. बुडालेल्यांना कळलं असतं की तिला आधीच माहीत होतं, तर त्यांनी तिला विचारलं असतं, आम्हाला का नाही सांगितलंस.

त्या आठवड्यातल्या एका तालमीला मी तिला पोचवायला गेले आणि थांबले. भाडेकरू विधवेला घराबाहेर काढणाऱ्या मालकिणीचं काम तिच्याकडे होतं. आधी ती ते ओरडून करायची. त्या दिवशी ती समोरच्या मुलीच्या जवळ सरकली आणि हळू, समजुतीच्या सुरात बोलायला लागली. समोरची मुलगी आपलं वाक्य विसरून गेली. चिवटे खुर्चीवरून उठले होते. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "परत घेऊ. असंच."

त्या वर्षी सोलापूर केंद्रावर तिला अभिनयाचं पारितोषिक मिळालं. परीक्षकांपैकी एकानं पुण्याला बोलावून घेतलं, पुण्याहून ती मुंबईला गेली. पुढचं लोकांना माहीत आहे. मालिका, मग चित्रपट, मग राज्य पुरस्कार. मुलाखतीत विचारतात, अभिनय कुठं शिकलात. ती चिवट्यांचं नाव सांगते. ते खोटं नाही.

बार्शीला ती क्वचितच यायची. आली तरी घरात बसायची. मागच्या वर्षी नगरपालिकेनं सत्कार ठेवला तेव्हा तिला यावंच लागलं. कार्यक्रम संपला, हारतुरे घेऊन ती घरी आली, बैठकीत माणसं जमली. मी मागच्या दारानं निघाले आणि कासार गल्लीत गेले. का ते नीट सांगता येणार नाही. मी निवृत्त झाले होते, माझे यजमान गेले होते, आणि एक गोष्ट मी एकटीनं फार वर्षं धरून ठेवली होती.

काकू आता फार थकल्या होत्या. पण गाळा तोच, त्यांच्याच नावाची पाटी. काकणं भरायला एक भाची ठेवली होती. त्यांनी मला ओळखलं, बसायला दिलं.

"काकू, एक सांगायचंय. त्या दिवाळीला वैजू तुमच्याकडे आली होती, तेव्हा..."

"माहितेय मला," काकू म्हणाल्या.

"कधीपासून?" मी विचारलं.

"संस्था बुडाली त्याच दिवशी कळलं. भुतडाशेठ सांगतोय मी कसा फसलो नाही. शिंपी सांगतोय मी कसा फसलो नाही. किराणावाला तेच. सगळा बाजार एका दिवसात शहाणा होत नसतो, मॅडम."

"मग तिला बोलावलं का नाहीत? तुमच्यासाठीच केलं होतं तिनं. नाटक होतं ते, काकू."

"शेठपाशी नाटक असंल. शिंप्यापाशी असंल." त्या भाचीच्या हातांकडे बघत होत्या. "माझ्यापाशी नव्हतं. उमेशचं ती बोलली ते खोटं असतं, तर मीच आले असते तुमच्या दारात, तिचा कान धरायला. खोट्याचं काय मनावर घ्यायचं?"

भाचीपुढची काकणं सारखी करत म्हणाल्या, "ते पैसे उमेशला दिले न्हाईत मी. हा गाळा नावावर करून घेतला. नाहीतर दिले असते, आणि इथंही नसते आणि तिथंही नसते. तिनं माझं भलंच केलं. पण भलं केलेलं माणूस समोर यावं असं वाटतंच असं न्हाई." मग भाचीला म्हणाल्या, "मोठ्या मापाची काढ गं," आणि माझ्याकडे न बघता, "तिला सांगा, मी येऊ नको म्हणाले होते ते त्या पैशांपुरतं. त्याच्या पुढचं मी काही म्हटलेलं न्हाई. पण ये म्हणून निरोप धाडायचं माझ्यानं व्हायचं न्हाई."

घरी आले तेव्हा पाहुणे पांगले होते. वैजू स्वयंपाकघरात पाटावर बसून चहा पीत होती. तिनं विचारलं, "काकू कशा आहेत?" मी कुठं गेले होते ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी तिला सगळं सांगितलं, काकूंच्या शब्दांत, काही न गाळता. ऐकताना तिचा चेहरा हलला नाही. मग तिनं कप खाली ठेवला.

"खोटं असतं तर आल्या असत्या म्हणाल्या?"

"हो."

"हं," ती म्हणाली. उठली, चपला घातल्या.

"आत्ता? रस्त्यावर सगळं गाव जमेल बघायला. साडी तरी बदल."

"नको. बदलायला बसले तर जाणार नाही."

मी सोबत येऊ का म्हटलं, तर मानेनंच नाही म्हणाली. मी दारात उभी राहिले. सत्काराची जरीची साडी, कपाळावरचं कुंकू तसंच, आणि ती भर रस्त्यानं कासार गल्लीकडे चालत निघाली होती. दुकानांतून लोक बाहेर येत होते, कुणी हाक मारत होतं, कुणी फोन वर धरत होतं. कोपऱ्यावर वळेपर्यंत ती मला दिसली. कुणाकडेही बघून ती हसली नाही.